द विचर ३: अख्खा पावसाळा खेळल्यानंतर

'द विचर ३: वाइल्ड हंट' हा व्हिडिओ गेम आला २०१५च्या मे महिन्यात. त्यात आपण जेराल्ट असतो, एक विचर, म्हणजे मोबदला घेऊन राक्षस मारणारा माणूस. माझ्या हातात तो पडला फारच उशिरा, यंदा आमचा देवबागचा होमस्टे जूनमध्ये बंद केल्यावर. पावसाळ्यात इकडे स्कुबावाले, बोटिंगवाले सगळे सामान आवरून ठेवतात, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही बंद होतात. त्यामुळे गणपतीपर्यंत हातात वेळच वेळ. पहिल्या आठवड्यात मी एका मैत्रिणीला भलामोठा मेसेज पाठवला होता. त्याचा सारांश असा: ग्राफिक्स जबरदस्त, तलवारबाजी भारी, स्केलिगेच्या बेटांवर आणि समुद्रावर कधी जाते असं झालंय, फक्त ते वेलेन नावाचं चिखलातलं प्रकरण लवकर आटपलं तर बरं.

आता दसरा होऊन गेलाय, पाहुणे यायला लागलेत, मुख्य कथा आणि दोन्ही एक्स्पान्शन, म्हणजे नंतर आलेल्या जोडकथा, संपलेत. आज कुणी विचारलं तर मी सांगेन की वेलेनसाठी हा गेम घ्या. समुद्रासाठी घेऊ नका.

आधी यंत्राचं बोलून घेते, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्याला तेच पहिलं विचारावंसं वाटतं. माझा लॅपटॉप जुना, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्डवाला. गेमला डिस्कवर साधारण ५० जीबी जागा लागते. आमच्या वाडीत फायबर आहे, पण जूनच्या पहिल्या वाऱ्यात माडाची झावळ तारेवर पडली की नेट किती दिवस जाईल ते देव जाणे. म्हणून मी गॉग ह्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतला. तिथे पूर्ण इन्स्टॉलर उतरवून ठेवता येतो आणि खेळताना नेट लागत नाही. कुडाळला आतेभावाकडे बसून डाउनलोड केला आणि हार्ड डिस्कवर घरी आणला. १४ डिसेंबर २०२२ला जो मोठा फुकट अपडेट आला, त्यानंतर पीसीवर गेम सुरू करताना डायरेक्टएक्स ११ की १२ असं विचारलं जातं. रे ट्रेसिंगची, म्हणजे खऱ्यासारख्या उजेड-सावल्यांची, सगळी चैन १२मध्ये आहे, आणि माझ्या लॅपटॉपला ती परवडत नाही. ११ लावा, केसांचं हेअरवर्क्स बंद करा, सावल्या मध्यमवर ठेवा, म्हणजे गेम सुरळीत चालतो. मात्र लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो, ग्राफिक्स कार्ड दम टाकतं आणि चित्र अडखळायला लागतं. त्यात हा गेम लढाई चालू असताना सेव्ह करू देत नाही. आभाळ भरून आलं की मी आधी सेव्ह करते, मग वाळत घातलेले कपडे काढायला जाते. घरात ह्या क्रमावरून बोलणी खाऊन झाली आहेत.

आता वेलेन. त्याआधी व्हाइट ऑर्चर्ड हा सुरुवातीचा छोटा भाग लागतो. पहिल्या आठवड्यात मी तिथून धावतच बाहेर पडले होते. ग्रिफिन नावाचा उडणारा राक्षस मारला, बक्षीस घेतलं, पुढे चला. नंतर जुलैमध्ये गेम नव्याने सुरू केला, तेव्हा सावकाश गेले. तिथे एक ओसाड वस्ती आहे आणि तिच्यात एक विहीर. जवळच्या गावातला ओडोलन नावाचा माणूस सांगतो, मुलगी आजारी आहे, तिला त्या विहिरीचं चांगलं पाणी हवंय, पण तिथे काहीतरी आहे. जे आहे ती नूनरेथ, भर दुपारी उन्हात दिसणारी बाई. मी हे खेळत होते तेव्हा आजी मागे वाल सोलत बसली होती. तिने चष्मा वर केला आणि म्हणाली, "भर दुपारी बावीकडे कशाक गेलो ह्यो?"

खरं तर सगळं त्यातच आलं. भर दुपारी, तिन्हीसांजेला, अवसेला अमुक ठिकाणी जायचं नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही सांगावं लागत नाही. स्लाव्ह लोकांच्या शेतातही दुपारची बाई फिरते, आणि गेमवाल्यांनी ती तिथूनच उचलली आहे. पण उचलून नुसतं राक्षस म्हणून उभं केलेलं नाही. विहिरीत उतरून तळाशी पडलेलं कडं शोधावं लागतं, दोराला लटकलेलं तिचं प्रेत खाली घ्यावं लागतं, दोन्ही एकत्र जाळावी लागतात, तेव्हा कुठे ती तलवारीने मारता येते. नुसतं वार करत बसलात तर ती हवेतल्या हवेत निसटत राहते, जमिनीवर यर्डन नावाचं मंत्राचं रिंगण आखल्याशिवाय सापडत नाही. म्हणजे आधी ती कोण होती, तिच्यावर काय अन्याय झाला हे बघायचं, मग तिची गती करायची. आजीला नियम लगेच पटले. मला गेमच्या मदतीची पानं वाचूनही इतके पटले नव्हते.

ह्याच भागात तोमिरा नावाच्या वैदू बाईकडे लेना ही जखमी मुलगी पडलेली असते. ग्रिफिनने फाडलंय, वाचणार नाही. विचरचं औषध तिला दिलं तर कदाचित वाचेल, पण ते माणसासाठी बनवलेलं नाही, कदाचित हाल हाल होऊन मरेल. द्यायचं की नाही? मी दिलं. गेमने काही सांगितलं नाही, कुठे हिरवी खूण नाही, लाल खूण नाही. मी विसरूनही गेले. मग कितीतरी तासांनी वेलेनमध्ये निल्फगार्डच्या लष्करी तळावर एक शिपाई ओळख देतो. लेना त्याची. ती जगली आहे. पण भानावर आलेली नाही, नुसती बघत असते. तो ना धड आभार मानतो, ना धड शिव्या देतो. मी कंट्रोलर खाली ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच चहा टाकला.

हा गेम खेळाडूला चांगुलपणाची पावती देत नाही, हे वाक्य सगळ्याच परीक्षणांत असतं. मला महत्त्वाचं वाटलं ते निराळंच. जे केलं त्याचं फळ मधे इतका काळ जाऊन येतं की मागचा सेव्ह लोड करून दुरुस्ती करण्यात अर्थ राहत नाही. जे झालं ते घेऊन पुढे जायचं. वेलेन असंच रचलेलं आहे. ब्लडी बॅरनचं घर, त्याची हरवलेली बायको आणि मुलगी, दलदलीतल्या तीन म्हाताऱ्या, टेकडीखाली कोंडलेला आवाज, ह्या सगळ्यांच्या दोऱ्या एकमेकींत अडकवल्या आहेत आणि कोणती आधी ओढली त्यावर पुढचं ठरतं. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी इथेच थांबते. दारूडा, बायकोवर हात टाकणारा बॅरन मला आधी नुसता चीड आणणारा माणूस वाटला होता. दुसऱ्या खेपेलाही चीड आलीच. त्याला माफ करायला गेम सांगत नाही, त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायला लावतो, आणि ते अवघड आहे.

आणि देवचार! म्हणजे गेममध्ये त्याला गॉडलिंग म्हणतात. जॉनी नावाचं पोरगेलं, निळसर कातडीचं, वस्तीच्या आसपास राहणारं. त्याचा आवाज हरवलेला असतो. वेलेनमधली माणसं त्या तीन म्हाताऱ्यांना भितात, त्यांच्या कौलाने चालतात, मोबदल्यात त्यांना मान द्यावा लागतो, आणि तो मान फार भयंकर असतो. वेशीवर कोंबडा देणाऱ्या, राखणदाराला गाऱ्हाणं घालणाऱ्या गावातल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. फरक एवढाच की आपल्याकडे राखणदार सांभाळतो हा विश्वास पक्का असतो, तिथे सांभाळणाराच गिळतो की काय ही शंका कायम असते. शहरातले मित्र ह्या भागाला डार्क फँटसी म्हणतात. आजीने जेराल्ट टेकडीकडे निघालेला पाहून फक्त विचारलं, "गाराणा घातल्यान काय?" नव्हतं घातलं.

पितृपक्षात आमच्याकडे म्हाळाचं जेवण होतं, त्याच संध्याकाळी योगायोगाने 'फोरफादर्स इव्ह' हे काम लागलं. पोलंडमध्ये पितरांसाठी 'जादी' नावाचा जुना विधी होता, त्यावर हे बेतलंय. गावचा पेलार, म्हणजे भगत म्हणा, तळ्यातल्या बेटावर गावकऱ्यांना गोळा करून अतृप्त आत्म्यांना बोलावतो, आणि आपण पाण्यातून वर येणारे ड्राउनर अडवत कडेला उभं राहायचं. त्याआधी ह्याच पेलारची 'प्रिन्सेस' नावाची शेळी घंटा वाजवत शोधून आणायचं कामही करावं लागतं. ज्या माणसाच्या शेळीमागे आपण रानभर फिरलो, त्याच्याच शब्दावर सगळं गाव रात्री काळोखात उभं राहतं. ही जोडणी मला फार आवडली. पहिल्या खेपेला शेळीचं काम फालतू म्हणून मी सोडून दिलं होतं.

संगीताबद्दल दोन शब्द. मार्चिन प्शिबिवोविच आणि मिकोवाय स्त्रॉइन्स्की हे संगीतकार, आणि त्यांच्या जोडीला पोलंडचा पर्सिव्हल हा लोकसंगीत गट. वेलेनमध्ये वारा सुटला की झाडं वाकतात आणि खाली ती तंतुवाद्यं घासत असतात. जुलैत बाहेर माडही तसेच वाकत होते. हेडफोन लावा.

गावोगावच्या फलकावर विचरसाठी कामं टांगलेली असतात. त्यांना कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. आधी ती मला भरताड वाटायची. पण काम घेताना मोबदल्यावर घासाघीस करता येते, आणि ती मालवणच्या जेटीवर लिलावात चालते तशी चालते: थोडं ताणलं तर समोरचा कुरकुरत मान्य करतो, जास्त ताणलं तर चिडल्याची पट्टी भरते आणि तो तोंड फिरवतो. समोर बहुतेक वेळा गावाने वर्गणी काढून पाठवलेला मुखिया किंवा मुलगा गमावलेला बाप असतो. मग चार नाणी वाढवून मागताना बोट थबकतं. पैशांवरून आठवलं. गेम नवा असताना लोक व्हाइट ऑर्चर्डमधल्या गायी मारून कातडी विकत आणि थोडा वेळ ध्यान लावून परत मारत. कंपनीने पॅचमधून त्यावर उपाय केला. गायी मारत सुटलात की एक दांडगा राक्षस येऊन तुम्हाला तुडवतो. पॅचच्या नोंदीत त्याला गोरक्षण दलाच्या थाटाचं नावही दिलं होतं.

तलवारबाजीचं मात्र काय सांगू. पहिल्या आठवड्यात मस्त वाटली होती, कारण सोप्या पातळीवर खेळत होते आणि बटण दाबलं की जेराल्ट गिरकी घेत होता. महिनाभराने त्याच गिरक्यांचा कंटाळा आला. इलाज म्हणजे पातळी वाढवणे. 'ब्लड अँड ब्रोकन बोन्स' किंवा त्याहून वरची 'डेथ मार्च' घेतली की नुसतं ध्यान लावून जखमा भरत नाहीत. मग बेस्टियरी, म्हणजे गेममधली राक्षसांची पोथी, उघडून कुठल्या प्राण्याला कुठलं तेल, कुठला मंत्र हे वाचावंच लागतं, औषधं पुन्हा भरायला दारूचा साठा जपावा लागतो, आणि लढाईच्या आधीचा वेळ लढाईइतकाच मजेचा होतो. नव्या अपडेटमध्ये मंत्र टाकताना चक्राकार मेन्यू उघडायची गरज राहिली नाही, कॅमेराही जवळ घेता येतो. हालचाल जड वाटत असेल तर सेटिंग्जमध्ये पर्यायी मूव्हमेंट आहे, ती लावाच. अरुंद खोलीत कॅमेरा अजूनही भिंतीत घुसतो. घोडीबद्दल तर न बोललेलंच बरं. रोच कुंपणाला अडून उभी राहते आणि हाक मारली की नेमकी पूल नसलेल्या बाजूला उगवते.

मला सगळ्यात खटकलेली गोष्ट दुसरीच. हा गेम सावकाश खेळण्यात मजा आहे, आणि त्याचा आकड्यांचा हिशेब नेमका सावकाश खेळणाऱ्यालाच चिमटे काढतो. आपली लेव्हल एखाद्या कामाच्या लेव्हलपेक्षा सहा किंवा जास्त वर गेली की त्या कामाचे अनुभवाचे गुण जवळजवळ शून्य. वेलेनमध्ये गावगाव फिरलात तर उरलेली निम्मी गावं अशी राखाडी होऊन जातात. गुण नकोत म्हटलं तरी शत्रूही लेचेपेचे होतात. त्यावर 'एनिमी अपस्केलिंग' नावाचं बटण आहे, म्हणजे शत्रू आपल्या बरोबरीने वाढतात. ते लावून कायरा नावाच्या जादूगारणीच्या सांगण्यावरून एका मनोऱ्यात गेले, तर तिथल्या उंदरांनी मला खाल्लं. अक्षरशः उंदरांनी. आणि लुटीत सापडणाऱ्या तलवारींना काही अर्थ नाही. ग्रिफिन, कॅट, बेअर ह्या विचरांच्या आराखड्यांवरून बनवून घेतलेली हत्यारं त्यांच्यापेक्षा बहुतेक वेळा सरस असतात, त्यामुळे बाकीचं लोखंड नुसतं वाहायचं आणि विकायचं. पिशवीची यादी तर पावसाळ्यातल्या आमच्या माळ्यापेक्षा भरलेली.

नोव्हिग्राड शहर सुंदर आहे, गजबज खरी वाटते, पण तिथल्या मधल्या टप्प्यात ह्याला भेट, तो त्याच्याकडे पाठवणार, तो तिसऱ्याकडे, असं चालतं. मी ते उरकलं.

आता स्केलिगे. मी देवबागची, एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र. बेटांवर उतरल्यावर पहिला तासभर डोळे भरून बघत होते. वाळत घातलेले मासे, ओढून घेतलेल्या होड्या, कडे, धुकं, वर ते कण्हल्यासारखं गाणं. जमिनीवरचं स्केलिगे आजही आवडतं. क्राख अन क्राइट ह्या सरदाराची मुलं ह्याल्मार आणि केरिस, गादीवर कोण बसावं ह्याची ओढाताण, आणि केरिसने डोकं चालवून झपाटलेल्या सरदाराची सुटका करण्याचं ते काम तर पूर्ण गेममधल्या चांगल्या कामांपैकी एक. पण होडीत पाऊल टाकलं की सगळं विझतं. होडीला वाऱ्याशी देणंघेणं नाही, कुठल्याही दिशेने तोंड करा, शीड भरलेलंच. काका एकदा बघत उभा होता, आयुष्यभर मासेमारी केलेला माणूस. म्हणाला, "वारो समोरसून येता आणि शीड फुगलेला?" आणि टीव्हीकडे निघून गेला. त्याची एवढीच समीक्षा.

वादळात लाटा उंच होतात, दिसायला छान, पण त्यांची भीती वाटत नाही. भीती सायरनची, त्या वरून झेपावतात, पण एक बाण मारला की पटापट खाली पडतात. पाण्याखाली तर आडव्या धनुष्याने ड्राउनर एकाच बाणात मरतो, जमिनीवर ज्याला चार-पाच वार लागतात. आणि समुद्रभर पसरलेली ती प्रश्नचिन्हं, तस्करांनी दडवलेला माल! पिंपं तरंगताहेत तिथे होडी न्यायची, बुडी मारायची, पेटी उघडायची, पुढच्या चिन्हाकडे. त्यात कथा नाही, माणूस नाही. ज्या लोकांनी विहिरीतल्या एका बाईसाठी एवढा विचार केला, त्यांनीच हे केलंय हे पटत नाही. २०२२च्या अपडेटमध्ये नकाशावर एक फिल्टर आला, तो लावला की ही प्रश्नचिन्हं आणि होड्यांच्या खुणा दिसत नाहीत. तो लावा आणि विसरा. मी पहिल्या खेपेला बहुतेक पेट्या गोळा केल्या. त्यात मिळालेलं एकही हत्यार आज आठवत नाही.

गणपतीत चाकरमानी आले, घर भरलं, गेम बंद. पुतण्याला तेवढ्यात ग्वेंट सापडलं, गेममधला पत्त्यांचा डाव. जगाला वाचवायचं सोडून तो पाच दिवस प्रत्येक भटारखान्यात आणि लोहाराकडे पत्ते कुटत होता. भजनाच्या बाऱ्या संपल्यावर मध्यरात्री पडवीत मोठी माणसं खरे पत्ते आणि आत हा. मला तो खेळ मुळीच झेपत नाही, पण पोरं त्यासाठी मुख्य कथा सोडतात ही स्तुतीच समजायची.

दोन एक्स्पान्शनपैकी 'हार्ट्स ऑफ स्टोन' ऑक्टोबर २०१५मधला, 'ब्लड अँड वाइन' मे २०१६मधला. कम्प्लीट एडिशनमध्ये दोन्ही येतात, सेलमध्ये ती बरीच स्वस्त मिळते, सुटं घेऊ नका. 'हार्ट्स ऑफ स्टोन' छोटा आहे आणि माझ्या मते मूळ गेमपेक्षा घट्ट विणलेला. त्यातला गाँटर ओ'डिम हा आरसेवाला पहिल्या भेटीत काहीच करत नाही. गोड बोलतो. आणि पुढे एका खानावळीत सगळं जग जागच्या जागी थांबवून तो शांतपणे जे करतो, ते बघून मी मागे वळून दार लावलं. त्यातच एक लग्न आहे. व्लोदिमिर नावाचा मेलेला रगेल माणूस एका रात्रीसाठी जेराल्टच्या अंगात येतो आणि तो एरवीचा दगडी चेहऱ्याचा जेराल्ट नाचतो, बायकांची थट्टा करतो, डुकरं हाकतो, तळ्यात बुडी मारून बूट शोधतो. आजी खुर्ची पुढे ओढून बसली. "ह्येच्या अंगात वारो इलो!" मध्यरात्री व्लोदिमिर जायला तयार नसतो, त्याला घालवावं लागतं. त्यावर ती म्हणाली, तसंच असतं, आपणहून कोणी जात नाही. जेराल्टला इंग्रजी आवाज देणारा डग कॉकल इथे एकाच तोंडून दोन माणसं बोलतो. एका शब्दाचं इंग्रजी न कळणाऱ्या आजीला कोण कधी बोलतंय ते अचूक कळत होतं.

'ब्लड अँड वाइन'मधलं तूसाँ रंगीत, ऐटबाज, द्राक्षमळ्यांचं. जेराल्टला तिथे स्वतःचं घर मिळतं, पलंग सुधारायचा, बाग लावायची, पाहुण्यांची खोली नीट करायची. पाहुण्यांची खोली नीट करणं हे माझं वर्षातले आठ महिने चालतं, त्यामुळे मी ते पैसे तलवारीवर घातले.

घ्यायचा असेल तर हे ध्यानात ठेवा. आंद्झेई सापकोव्स्कीच्या पुस्तकांवरचा हा तिसरा गेम, पण आधीचे दोन खेळले नाहीत तरी अडत नाही. नावं सुरुवातीला घोटाळा करतात, गेममधलं पात्रांचं पान उघडून वाचा. पडद्याच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा, मिनीमॅप, बंद करून बघा. काही ठिकाणी माणसं तोंडी वाट नीट सांगतात, बऱ्याच ठिकाणी सांगत नाहीत, तेव्हा परत लावावा लागेल. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावरच खेळा, हिंसा आणि उघडेनागडे प्रसंग दोन्ही भरपूर आहेत, आजीसमोर मलाच एकदा घाईने मेन्यू उघडावा लागला होता. खाऱ्या हवेत कंट्रोलरची बटणं चिकटतात, वापरून झाला की डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेवा. मुख्य कथा संपली की आधी 'हार्ट्स ऑफ स्टोन', मग 'ब्लड अँड वाइन', उलटं नको. आणि व्हाइट ऑर्चर्डमधून निघायची घाई करू नका, ओडोलनचं काम करूनच निघा.